नॅनोकणांतून औषध खरोखर हळूहळू सुटते का?

प्रश्न असा आहे : एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने पीएलजीए या पॉलिमरच्या नॅनोकणांत हळदीतले कर्क्युमिन भरले. कणांचा सरासरी आकार १८० नॅनोमीटर आला आणि डायलिसिस पिशवीत ठेवून मोजल्यावर ४८ तासांत ८२ टक्के औषध बाहेर पडले. मार्गदर्शकांच्या मते नियंत्रित रिलीज सिद्ध झाले. प्रबंध सादर करण्यापूर्वीच्या सादरीकरणात मात्र परीक्षकांनी विचारले, "हे कण रक्तात गेल्यावरही ४८ तासच घेतील कशावरून?" आणि तिला उत्तर देता आले नाही. तिने पुढे असेही विचारले आहे की, नॅनोकण औषध खरोखरच हळूहळू सोडत असतील, तर एवढे शोधनिबंध निघूनही बाजारात अशी औषधे इतकी थोडी का?

परीक्षकांनी तुम्हाला अडवण्यासाठी हा प्रश्न विचारला, असे मला वाटत नाही. या विषयाचा गाभा तोच आहे. मी गेली बावीस वर्षे शिरेतून किंवा स्नायूतून द्यायच्या औषधांच्या फॉर्म्युलेशनचे काम करत आहे आणि त्यातली बहुतेक वर्षे लिपोसोमवर, म्हणजे मेदरेणूंच्या थराच्या सूक्ष्म पिशव्यांवर, गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की येथे तीन वेगळे काळ एकमेकांत मिसळले गेले आहेत : औषध कणातून सुटायला लागणारा काळ, सुटलेले औषध डायलिसिसच्या पडद्यातून पार व्हायला लागणारा काळ आणि शरीरात औषधाचा परिणाम टिकण्याचा काळ. तुमच्या ४८ तासांत पहिले दोन्ही काळ एकत्र आले आहेत. त्यात पहिल्याचा वाटा किती, हे तुमच्या प्रयोगातून कळत नाही, आणि तिसऱ्याशी तर त्याचा संबंध अजून जोडलेलाच नाही. औषध कोणते आहे, ते कोणत्या मार्गाने द्यायचे आहे आणि किती दिवस पुरवायचे आहे यावर उत्तर बऱ्याच अंशी अवलंबून असल्यामुळे मी सरसकट होय किंवा नाही म्हणणार नाही, पण विचार कसा करायचा ते सांगता येईल.

आधी पिशवीकडे पाहू. तुम्ही बहुधा १२ ते १४ हजार डाल्टनच्या (म्हणजे तेवढ्या रेणुभाराखालचे रेणू पार होऊ देणाऱ्या) पडद्याची नळी घेतली असेल, त्यात दोन-तीन मिलिलिटर नॅनोकणांचे द्रावण भरून दोन्ही टोकांना क्लिपा लावल्या असतील आणि ती पिशवी बफरच्या बीकरमध्ये मॅग्नेटिक स्टररवर ३७ अंशांना सोडली असेल. औषधाच्या रेणूला आधी कणातून बाहेर यायचे आहे, मग पिशवीतल्या द्रवातून पडद्यापर्यंत पोहोचायचे आहे, मग पडदा ओलांडायचा आहे आणि तेव्हा कुठे तो तुमच्या नमुन्यात सापडणार आहे. या साखळीतली सर्वांत संथ पायरी एकूण वेग ठरवते. टाकीला कितीही मोठा पाइप लावला, तरी तोटी जेवढी उघडी तेवढेच पाणी येते. तुमच्या प्रयोगातली तोटी म्हणजे कण की पडदा, हे समजण्याचा एकच मार्ग आहे : त्याच पिशवीत, तितक्याच आकारमानात, नॅनोकणांशिवाय मोकळे औषध भरायचे आणि त्याचाही आलेख काढायचा. तुमच्या प्रश्नात या आलेखाचा उल्लेख नाही, म्हणून मी असे धरतो की तो काढलेला नाही.

मी नवीन असताना मलाही हे कोणी सांगितले नव्हते. एका पाण्यात विरघळणाऱ्या औषधाचे लिपोसोम आम्ही केले होते आणि २४ तासांचा इतका सुरेख, सावकाश चढणारा आलेख आला की तो आम्ही भिंतीवर चिकटवला होता. आमच्या विश्लेषण विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंनी कोणाला न सांगता शेजारच्या बीकरमध्ये मोकळ्या औषधाची पिशवी लावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून माझ्या टेबलावर ठेवले, तेव्हा वरची रेषा कोणती आणि खालची कोणती हे ओळखता येत नव्हते. आमचे लिपोसोम भरताना किंवा नंतर लगेचच गळून रिकामे झाले होते आणि ज्याला आम्ही नियंत्रण समजत होतो ते सगळे पडद्याचे होते. तेव्हापासून मोकळ्या औषधाच्या आलेखाशिवाय मी एकही रिलीज आलेख वाचत नाही.

कर्क्युमिनच्या बाबतीत अडचण आणखी खोल आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे बाहेरच्या बफरमध्ये त्याला जागाच नसेल तर ते कणातच बसून राहील आणि रिलीज हळू झाल्यासारखे दिसेल. याला आपण सिंक कंडिशन न राखणे म्हणतो. ती राखण्यासाठी बफरमध्ये ट्वीन ८० हा साबणासारखा पदार्थ किंवा थोडा अल्कोहोल घालतात, पण मग आलेख त्या मिश्रणाचा होतो आणि रक्ताशी त्याची तुलना जपून करावी लागते. दुसरे असे की, साध्या फॉस्फेट बफरमध्ये ७.२ पीएच आणि ३७ अंशांना अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिनचे विघटन होते, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो हे घरात सगळ्यांना माहीत असते, पण तीच हळद बफरमध्येही टिकत नाही हे प्रयोग आखताना विसरले जाते. म्हणून तुम्हाला विचारतो : ८२ टक्के हा आकडा तुम्ही बाहेरच्या बफरमध्ये मोजला, की पिशवीत उरलेले कर्क्युमिन एकूणातून वजा करून काढला? वजाबाकीने काढला असेल, तर जे कर्क्युमिन पिशवीतच नष्ट झाले तेही सुटलेल्या औषधात जमा झाले आहे. बाहेर मोजला असेल, तर तुमच्या बफरमध्ये त्याला टिकवणारे काय होते, ते लिहावे लागेल. दोन्ही बाजू मोजून एकूण हिशेब जुळवणे हा यावरचा खरा उपाय आहे, आणि तो मोजताना फक्त ४२५ नॅनोमीटरचे शोषण न पाहता एचपीएलसी, म्हणजे घटक वेगळे करून मोजणारे तंत्र, वापरावे.

रिलीजच्या आलेखाला जुळवल्या जाणाऱ्या गणिती मॉडेलचा विषय थोडक्यात आटोपतो. हिगुची समीकरण १९६१ साली मलमाच्या पातळ थरासाठी मांडले गेले होते. कोर्समेयर-पेप्पास समीकरण पहिल्या ६० टक्के रिलीजपर्यंतच लावायचे असते आणि गोल कणासाठी फिकियन, म्हणजे साध्या विसरणाचा घातांक ०.४३ असतो, प्रबंधांत बहुधा सिलिंडरचा ०.४५ किंवा थराचा ०.५ उचललेला असतो. आर-स्क्वेअर (समीकरण आलेखाशी किती जुळते याचे माप) ०.९८ आला म्हणून यंत्रणा सिद्ध होत नाही, कारण पडद्यातून होणारे विसरणही तितकेच छान जुळते.

आता मूळ मुद्दा, ज्याकडे पाठ्यपुस्तके पुरेसे लक्ष वेधत नाहीत असे मला वाटते. लहान आकार आणि सावकाश रिलीज या दोन गोष्टी स्वभावतःच एकमेकींच्या विरुद्ध आहेत. खडीसाखर तोंडात बराच वेळ टिकते आणि पिठीसाखर जिभेवर ठेवताच विरते, हे तत्त्व येथेही लागू आहे. घनता पाण्याइतकी धरली, तर ५० मायक्रॉन व्यासाच्या एक ग्रॅम कणांचा एकूण पृष्ठभाग साधारण ०.१२ चौरस मीटर, म्हणजे मोठ्या परातीएवढा भरतो. तेच एक ग्रॅम १०० नॅनोमीटरच्या कणांत विभागले, तर पृष्ठभाग ६० चौरस मीटर, म्हणजे साडेसहाशे चौरस फुटांच्या फ्लॅटएवढा होतो. शिवाय कणाच्या आतून बाहेर येण्याचा काळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्यास ५०० पटींनी कमी झाला की, पदार्थ तोच असला तरी हा काळ अडीच लाख पटींनी कमी होतो. स्नायूत दिलेल्या मायक्रोकणांतून जे औषध आठवडे पुरते, तेच औषध त्याच पॉलिमरच्या नॅनोकणांतून काही तासांत किंवा मिनिटांत निघून जाऊ शकते.

पीएलजीएचे उदाहरण घेऊ. ५०:५० प्रकारच्या पीएलजीएचे पाण्यात विघटन व्हायला साधारण एक ते दोन महिने लागतात, म्हणून कणातले औषधही तितके दिवस टिकेल असे गृहीत धरले जाते. परंतु कोरड्या अवस्थेत सुमारे ४५ ते ५० अंशांवर असलेले त्याचे काचरूप-तापमान पाणी शोषल्यावर शरीराच्या तापमानाच्या आसपास किंवा त्याखाली येते, पॉलिमर मऊ होते आणि औषधाला त्यातून वाट मिळते. १८० नॅनोमीटरच्या कणात ही वाट फारतर ९० नॅनोमीटरची आहे. पॉलिमर झिजायला सुरुवात होण्याच्या कितीतरी आधीच औषध निघून गेलेले असते. त्यातही कणाच्या पृष्ठभागावर नुसते चिकटलेले औषध पहिल्या तासातच सुटते, ज्याला आपण बर्स्ट म्हणतो, आणि नॅनोकणांत पृष्ठभागच एवढा असल्यामुळे हा भाग मोठा असतो.

म्हणूनच महिनाभर चालणारी इंजेक्शने पाहिलीत, तर लहान आकाराने त्यातले काम होत नाही असे दिसेल. १९८९ साली अमेरिकेत मंजूर झालेले ल्युप्रॉन डेपो पीएलजीएच्या मायक्रोकणांचे आहे. २००९ मधील पॅलिपेरिडोन पामिटेट हे स्किझोफ्रेनियासाठी महिन्यातून एकदा द्यायचे इंजेक्शन आणि एचआयव्हीसाठीचे कॅबोटेग्राविर ही नॅनोस्फटिकांशी जोडली जाणारी औषधे आहेत. तेथे सावकाशपणा येतो तो रेणू पाण्यात अतिशय कमी विरघळतो आणि स्नायूत त्याचा साठा बनून राहतो म्हणून. बारीक दळल्यामुळे इंजेक्शन सुईतून सहज जाते आणि विरघळण्याचा वेग हवा तसा बसवता येतो, एवढे श्रेय आकाराला द्यायला हरकत नाही. एखादा विद्यार्थी स्नायूतून महिनाभर पुरवायचे औषध घेऊन येतो आणि नॅनोकण करायचे म्हणतो, तेव्हा मी त्याला आधी मायक्रोकण का नकोत, हे लिहून आणायला सांगतो.

आतापर्यंतचे थोडक्यात : तुमचा आलेख पडद्याचा असू शकतो, तुमचे औषध बफरमध्ये नष्ट होत असू शकते आणि तुमच्या कणांचा आकारच सावकाश रिलीजच्या विरुद्ध काम करतो. मग नॅनो आकाराच्या कणात औषध दिवसेंदिवस धरून ठेवणे अशक्य आहे का? नाही. ते करून दाखवलेले आहे, आणि ते कसे केले हे समजून घेण्यासारखे आहे.

डॉक्सिल, म्हणजे लिपोसोममध्ये भरलेले डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचे औषध, अमेरिकेत १९९५ साली मंजूर झाले, सुरुवातीला एड्सच्या रुग्णांतील कापोसी सार्कोमा या कर्करोगासाठी. जेरुसलेममध्ये बारेनहोल्झ आणि गाबिझोन यांच्या कामातून ते उभे राहिले. लिपोसोमचा व्यास सुमारे ८० ते १०० नॅनोमीटर, म्हणजे तुमच्या कणाच्या निम्मा. एवढ्याशा पिशवीत औषध टिकते, कारण ते तेथे विरघळलेल्या अवस्थेत ठेवलेलेच नाही. आधी लिपोसोम अमोनियम सल्फेटच्या द्रावणात बनवतात आणि नंतर बाहेरचे अमोनियम सल्फेट काढून टाकतात. आतला अमोनिया वायुरूपाने पडद्यातून बाहेर निसटतो आणि आत आम्लता वाढते. डॉक्सोरुबिसिन हा सौम्य अल्क आहे. त्याचा भाररहित रेणू गरम अवस्थेत पडदा ओलांडून आत जातो, आत आम्लात त्याला भार मिळतो, आणि भार मिळालेला रेणू परत येऊ शकत नाही. तो सल्फेटशी जुळून आत सुईसारखा साका धरतो. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे लिपोसोम कॉफीच्या बीसारखे दिसतात, मधोमध एक गडद रेघ असलेले.

आम्ही हे भरणे प्रयोगशाळेत करतो तेव्हा लिपोसोमचे द्रावण ६० अंशांच्या वर गरम केलेले असते, कारण वापरलेल्या हायड्रोजनीकृत सोया लेसिथिनचा थर ५० अंशांच्या वरच मऊ होतो. त्यात लालभडक डॉक्सोरुबिसिन ओतायचे, ठरलेला वेळ ढवळायचे आणि झटकन थंड करायचे. मग एक थेंब सेफाडेक्सच्या, म्हणजे आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलच्या, छोट्या स्तंभावर टाकायचा. भरणे नीट झाले असेल तर लाल पट्टा अखंड खाली सरकत जातो आणि स्तंभाचा माथा पांढरा राहतो. माथ्यावर नारिंगी कडे राहिले, तर तेवढे औषध बाहेर आहे हे यंत्रावर मोजण्याआधीच डोळ्यांना कळते. आज इतक्या वर्षांनंतरही तो स्तंभ उभा राहून पाहिल्याशिवाय मला बॅचची खात्री वाटत नाही.

आता याचा शरीरातला परिणाम पाहा. साध्या डॉक्सोरुबिसिनचे वितरण-आकारमान (औषध शरीरात किती पसरते याचे माप) दर चौरस मीटर शरीरपृष्ठामागे ७०० ते ११०० लिटर असते, म्हणजे ते रक्त सोडून ऊतींमध्ये, हृदयाच्या स्नायूतही, लगेच पसरते. डॉक्सिलचे हेच माप ३ लिटरच्या आत आहे आणि रक्तातला अर्धायुष्काल सुमारे ५५ तास आहे. औषध रक्तात फिरते आहे आणि ते पिशवीत बंद आहे, असा या दोन आकड्यांचा अर्थ. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५०९ स्त्रियांवरील स्तनाच्या कर्करोगाच्या चाचणीत साध्या डॉक्सोरुबिसिनशी याची तुलना झाली, तेव्हा कर्करोगावरचा परिणाम जवळपास सारखाच दिसला आणि हृदयाला होणारी इजा मात्र स्पष्टपणे कमी झाली. या गोष्टीवर मी नेहमी थांबतो. गाठीवर जास्त मारा झाला असे तेथे दिसले नाही. जेथे औषध जायला नको होते तेथे ते गेले नाही, हा लाभ होता. त्याची किंमतही आहे : औषध दीर्घकाळ फिरत राहिल्याने ते तळहात-तळपायांच्या त्वचेत साठते, त्वचा लाल होते, सोलते. अशा रुग्णांना घट्ट चपला आणि गरम पाणी टाळायला सांगतात ते त्यासाठी. रिलीजचा वेग बदलला की दुष्परिणामाचे ठिकाणही बदलते.

मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे लिपोडॉक्स हे लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन २०१२ मध्ये अमेरिकेतील तुटवड्याच्या काळात तेथे आयात झाले आणि पुढच्या वर्षी तिच्या जेनेरिकला तेथे मंजुरी मिळाली, हे तुम्ही वाचले असेल. अशा जेनेरिकसाठी अमेरिकी एफडीएने सुचवलेल्या रिलीज चाचण्या तुमच्या दृष्टीने बोलक्या आहेत. ५० टक्के मानवी रक्तद्रवात ३७ अंशांना २४ तास, वेगवेगळ्या पीएचना, ४३ ते ५७ अंशांच्या तापमानांना आणि अल्ट्रासाउंडखाली औषध किती गळते, हे मूळ औषधाशी ताडून पाहायचे असते. म्हणजे रक्तात टिकते का, आम्लधर्मी गाठीत आणि पेशीच्या आत काय होते, पडदा मऊ झाल्यावर काय होते आणि धक्का दिल्यावर आतला साका कसा वागतो, यांतल्या प्रत्येक शंकेसाठी वेगळी चाचणी आहे. परीक्षकांनी तुम्हाला विचारलेला प्रश्न यांतला पहिलाच आहे.

धरून ठेवणे जास्त झाले तरीही औषध वाया जाते. सिस्प्लाटिन या कर्करोगाच्या औषधाचे एसपीआय-०७७ नावाचे लिपोसोम डॉक्सिलच्याच धर्तीवर बनवले होते. ते गाठीपर्यंत पोहोचले, पण औषध पुरेसे सुटलेच नाही आणि रुग्णांमध्ये परिणाम दिसला नाही. याच्या उलट, थर्मोडॉक्स या डॉक्सोरुबिसिनच्या दुसऱ्या औषधात लिपोसोमचा थर साधारण ४० अंशांच्या थोडे वर गरम होताच औषध एकदम सोडेल असा बनवला होता. प्रयोगशाळेत हे तंत्र सुंदर चालते, मी स्वतः केले आहे. तरीही यकृताच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचण्यांत ते २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये अपेक्षित लाभ दाखवू शकले नाही. एखाद्या आलेखात रिलीज हळू आहे की वेगवान, याला म्हणूनच स्वतःचे असे मूल्य नाही. औषध कोठे आणि कोणत्या घडीला सुटायला हवे, हे आधी ठरले पाहिजे.

नियंत्रणाचा आणखी एक प्रकार आपल्याकडच्या अनेक कुटुंबांनी २०२१ मध्ये नाव न कळताही अनुभवला. कोविडनंतर म्युकरमायकोसिसच्या रुग्णांसाठी महाराष्ट्रात लोक लिपोसोमल अँफोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाच्या कुप्या शोधत फिरत होते. साध्या अँफोटेरिसिनने थंडी वाजून ताप येतो आणि मूत्रपिंडांना इजा होते. लिपोसोमल रूपात हे त्रास बरेच कमी होतात, म्हणून दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमची मात्राही देता येते. येथे औषध लिपोसोमच्या पोकळीत नसते, ते थरातच कोलेस्टेरॉलसह घट्ट बसलेले असते. बुरशीच्या पडद्यातील एर्गोस्टेरॉलचे आकर्षण त्याला अधिक असते, त्यामुळे बुरशी भेटेपर्यंत ते बव्हंशी आपल्या जागी राहते. वेगाचे नियंत्रण येथे आकर्षणाच्या फरकाने होते. या औषधाचे बहुतेक ब्रँड देताना परिचारिका ५ टक्के डेक्स्ट्रोजच वापरतात आणि सलाइन अजिबात चालू देत नाहीत, कारण मिठाच्या द्रावणात ते साकळते. इतका नाजूक तोल आहे हा. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी आणि मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयाने मिळून फंजिसोम हे भारतीय लिपोसोमल अँफोटेरिसिन उभे केले होते, हे आपल्या विद्यार्थ्यांना फारसे सांगितले जात नाही याचे मला वाईट वाटते. तुमच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत त्याला जागा द्या.

बाजारात अशी औषधे थोडी का, याचे उत्तर आता सोपे जाईल. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांवर रक्तातली प्रथिने लगेच चढतात आणि यकृत-प्लीहेतील भक्षक पेशी ते कण उचलून घेतात. गाठींच्या सैल रक्तवाहिन्यांतून मोठे रेणू आत झिरपून साचतात, हे मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवले होते आणि त्यावर मोठी आशा उभी राहिली. परंतु टोरांटोतील गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांतील प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा गाठीत पोहोचलेल्या मात्रेचा मध्यक (मीडियन) ०.७ टक्के निघाला. पेगचे (पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे) आवरण यकृताला काही काळ चुकवते, पण तेही औषध जर कणात टिकले असेल तरच उपयोगी. अनेक शोधनिबंधांतील कण रक्तात दहा मिनिटांत रिकामे होत असावेत आणि पुढे जे फिरते ते नुसते आवरण असते, अशी माझी समजूत आहे. विरघळायला कठीण, तेलकट रेणू रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाकडे आणि मेद वाहणाऱ्या लिपोप्रोटीनकडे किती चटकन उडी मारतात, हे मी वारंवार पाहिले आहे. कर्क्युमिन त्याच जातीचे आहे.

दुसरे कारण मात्रेचे. डॉक्सिलच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम औषधामागे सुमारे १६ मिलिग्रॅम लिपिड आहे. अंडाशयाच्या कर्करोगात चौरस मीटरमागे ५० मिलिग्रॅम मात्रा धरली, तर १.६ चौरस मीटरच्या रुग्णाला ८० मिलिग्रॅम औषधाबरोबर साधारण ६४० मिलिग्रॅम लिपिड जाते. हे परवडते, कारण औषध मिलिग्रॅममध्ये लागते. तुमच्या कणांत ड्रग लोडिंग (कणाच्या वजनातला औषधाचा वाटा) ५ टक्के असेल, तर एक ग्रॅम कर्क्युमिनसाठी १९ ग्रॅम पॉलिमर शिरेत घालावे लागेल. एनट्रॅपमेंटचा (घेतलेल्या औषधापैकी कणात अडकलेल्या भागाचा) टक्का प्रबंधात नेहमी ठळक असतो आणि लोडिंगचा टक्का तळाशी कोठेतरी. परिणामकारकतेचा विचार करताना दुसरा आकडा मी आधी वाचतो.

तिसरे कारण कारखान्याचे, आणि ते तुमच्या कणांना थेट लागू आहे. इंजेक्शन निर्जंतुक लागते. पीएलजीए ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाही, म्हणून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळणे हा नेहमीचा मार्ग. तुमची सरासरी १८० नॅनोमीटर आहे, म्हणजे कणांतला एक हिस्सा २२० च्या पुढे असणारच. तो फिल्टरवर अडकेल, फिल्टर तुंबेल, औषधाचे प्रमाण घसरेल. डायक्लोरोमिथेन हे विद्रावक वापरले असेल, तर ते ६०० पीपीएमच्या आत आणावे लागेल. भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे आणली आहेत, ती वाचलीत तर कोणकोणते प्रश्न विचारले जातील याचा अंदाज येईल.

प्रबंधाला आता थोडा वेळ उरला असेल, म्हणून नवे कण करू नका, आहेत त्यांचीच नीट परीक्षा करा. मोकळ्या कर्क्युमिनची पिशवी सर्वांत आधी. त्यानंतर बफरमधील कर्क्युमिनचे विघटन वेगळे मोजा, म्हणजे सुटणे आणि नष्ट होणे यांची फारकत होईल. मग पिशवी बाजूला ठेवून कण थेट ५० टक्के रक्तद्रवात किंवा तो मिळाला नाही तर ४ टक्के अल्ब्युमिनच्या द्रावणात मिसळा. पाच मिनिटे, अर्धा तास, दोन तास, आठ तास अशा वेळी नमुने घेऊन उच्च वेगाच्या सेंट्रिफ्यूजमध्ये कण खाली बसवा आणि वरचा द्रव व खालचा साका दोन्हींतले कर्क्युमिन एचपीएलसीवर मोजा. साका आणि द्रव मिळून ९० टक्क्यांच्या वर हिशेब जुळला पाहिजे. पाच मिनिटांचा नमुना सोडू नका, कारण बहुतेक कणांचे भवितव्य तेथेच ठरते.

निकाल काय येईल हे मी आत्ता सांगू शकत नाही. पॉलिमरचा रेणुभार, त्याचे शेवटचे गट, तुम्ही वापरलेले पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) आणि धुण्याची पद्धत या सगळ्यांचा त्यावर परिणाम होईल. अल्ब्युमिनमध्ये औषध अर्ध्या तासात निघून गेले, तरी प्रबंध फुकट गेला असे समजू नका; शीर्षकातला 'नियंत्रित' हा शब्द काढा, दोन माध्यमांतला फरक आकड्यांनिशी मांडा आणि तो फरक का पडला याचे कारण द्या. परीक्षकांना सांगायचे उत्तर असे असेल : "४८ तास हे या पडद्याचे आणि या बफरचे माप आहे. अल्ब्युमिनमध्ये मी वेगळे मोजले आहे, तो आलेख पुढच्या पानावर आहे." मार्गदर्शकांशी बोलताना हे त्यांच्या निष्कर्षाचे खंडन म्हणून मांडू नका, परीक्षकांच्या शंकेसाठी एक पूरक प्रयोग म्हणून मांडा, चांगला मार्गदर्शक अल्ब्युमिनची बाटली स्वतः मागवून देईल. ती येईपर्यंत मोकळ्या औषधाची पिशवी लावून टाका, आणि ती नॅनोकणांच्या पिशवीशेजारी, त्याच स्टररच्या वेगावर, त्याच दिवशी लावा.